पाहुण्यांच्या पैशावर राखलेली राने

मार्च २०२० च्या अखेरीस केनियाने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानवाहतूक थांबवली आणि ती १ ऑगस्टपर्यंत बंदच राहिली. आदल्या वर्षी त्या देशात वीस लाखांहून अधिक परदेशी पाहुणे आले होते. २०२० साली ही संख्या सहा लाखांच्याही खाली गेली, आणि त्यांतले बरेचसे वर्षाच्या पहिल्या अडीच महिन्यांतच येऊन गेलेले होते. युगांडा, बोट्सवाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच घडले. माणूस घरात बसल्यामुळे निसर्गाने मोकळा श्वास घेतला, अशी एक गोड समजूत त्या महिन्यांत आपल्याकडे फार पसरली होती. आफ्रिका खंडाच्या पूर्व आणि दक्षिण भागांतील अभयारण्यांच्या बाबतीत ही समजूत जवळजवळ उलटी होती. तिथे जंगलात गस्त घालणाऱ्या माणसाचा पगार, त्याच्या गाडीचे डिझेल आणि जंगलाला लागून असलेली जमीन मोकळी ठेवणाऱ्या गुराख्याचे भाडे, हे सारे परदेशी पाहुण्याच्या खिशातून येत होते. पाहुणा थांबला तेव्हा संवर्धनाचा खर्च भागवणाराच नाहीसा झाला.

त्या संकटातून पुष्कळांनी काढलेला निष्कर्ष असा, की पर्यटन वन्यजीवांसाठी किती आवश्यक आहे हे आता सिद्ध झाले, तेव्हा ते शक्य तितक्या लवकर पूर्ववत करावे. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. जो आधार एका हंगामात नाहीसा होऊ शकतो, त्याच्यावर गेंडे, सिंह आणि गोरिला यांचे भवितव्य टांगून ठेवणे ही मुळातलीच चूक होती, आणि २०२० ने ती उघडी पाडली. पर्यटन नको, असे माझे म्हणणे नाही. त्याचे उत्पन्न वरकड असावे, पाया नसावा, एवढेच म्हणणे आहे.

आधी हा पैसा किती आणि कुठे जातो ते पाहू. महामारीपूर्वी आफ्रिकेतील वन्यजीव पर्यटनाची वार्षिक उलाढाल सुमारे २९ अब्ज डॉलर असल्याचा आणि त्यावर सुमारे ३६ लाख लोकांचा रोजगार अवलंबून असल्याचा अंदाज संवर्धनविषयक लिखाणात वारंवार दिला जात असे. त्यातला फार मोठा वाटा विमान कंपन्या, हॉटेले आणि सहल कंपन्या यांच्याकडे जातो. उरलेला वाटा प्रवेशशुल्क, तंबूंच्या जागेचे भाडे आणि परवाना शुल्क यांच्या रूपाने उद्यानांकडे व आसपासच्या लोकांकडे पोहोचतो. हा वाटा लहान असला तरी जंगलाच्या रोजच्या कारभारात तोच निर्णायक असतो. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यानांचा कारभार पाहणारी सरकारी संस्था आपल्या चालू खर्चाचा बहुतांश भाग स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे मुख्यतः पर्यटकांकडून, मिळवते. टांझानियात सेरेंगेटी आणि किलिमांजारो यांसारखी मोजकी उद्याने स्वतःचा खर्च भागवून इतर अनेक उद्यानांना पोसतात. युगांडात गोरिलांच्या परवान्यांचे उत्पन्न हीच भूमिका बजावते. त्यामुळे गोरिला पाहायला कोणी आले नाही, की जिथे गोरिला नाहीतच त्या उद्यानातली गस्तही अडचणीत येते. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने, म्हणजे आययूसीएनने, मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार आफ्रिकेतील निम्म्याहून अधिक संरक्षित क्षेत्रांना क्षेत्रीय गस्त आणि चोरट्या शिकारीविरुद्धची कामे थांबवावी वा कमी करावी लागली होती.

मासाई मारा या नावाशी मराठी वाचक आता चांगलाच परिचित आहे. परंतु तिथली जमीनव्यवस्था फार थोड्यांना ठाऊक असते, आणि हा सारा प्रश्न समजून घ्यायला तिच्याइतके चांगले उदाहरण नाही. ज्याला आपण मासाई मारा म्हणतो ते मूळ राखीव क्षेत्र सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचे असून ते नारोक काउंटीच्या, म्हणजे स्थानिक शासनाच्या, ताब्यात आहे. त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला पसरलेली कुरणे मासाई लोकांच्या सामूहिक मालकीची होती. गेल्या शतकाच्या अखेरीपासून त्यांची वाटणी होऊन एकेका कुटुंबाच्या नावावर जमिनीचे तुकडे झाले. ज्याच्या नावावर तुकडा आला त्याला तो विकता येऊ लागला, त्यावर गहू किंवा मका पेरता येऊ लागला, आणि सगळ्यात सोपे म्हणजे त्याला तारेचे कुंपण घालता येऊ लागले. विल्डबीस्ट (कळपाने स्थलांतर करणारे मोठे कुरंग), झेब्रा आणि हत्ती यांना मात्र सातबारा कळत नाही. केनियातील सुमारे दोन-तृतीयांश वन्यप्राणी सरकारी उद्यानांच्या हद्दीबाहेर, लोकांच्या जमिनींवर वावरतात. ती जमीन बंद झाली तर उद्यानाची हद्द कितीही कडेकोट राखली, तरी आतला प्राणी टिकत नाही. हवाई गणनांच्या आधारे केलेल्या अभ्यासानुसार १९७७ ते २०१६ या काळात केनियातील मोठ्या वन्यप्राण्यांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटली. लोइटा मैदानांवरून माराकडे येणाऱ्या विल्डबीस्टची स्थानिक संख्या तर सुमारे चार-पंचमांशाने कमी झाली.

या घसरणीला २००५ नंतर माराभोवती जे उत्तर शोधले गेले त्याला तिथे कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. शेजारशेजारच्या शेकडो जमीनमालकांनी एकत्र यायचे, आपापल्या तुकड्यांवर कुंपण व शेती न करण्याचे आणि गुरे ठरल्याप्रमाणे चारण्याचे मान्य करायचे, आणि ती सलग झालेली जमीन पर्यटन तळ चालवणाऱ्या कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची. या व्यवस्थेतले खरे शहाणपण भाड्याच्या पद्धतीत होते. भाडे एकराच्या हिशेबाने ठरलेले आणि दरमहा मिळणारे. पर्यटक दहा आले की शंभर, याच्याशी त्याचा संबंध नाही. पर्यटनाच्या चढउताराची जोखीम कंपनीने उचलायची, मासाई कुटुंबाने नव्हे. तळांची आणि तंबूंची संख्याही जमिनीच्या प्रमाणात बांधलेली. अशा रीतीने राखीव क्षेत्राच्या जवळजवळ बरोबरीचे क्षेत्र हजारो मालकांच्या संमतीने वन्यप्राण्यांसाठी मोकळे राहिले. सरकारी बळाचा वापर न करता एवढी जमीन मोकळी ठेवल्याची उदाहरणे जगात फारशी नाहीत, आणि त्याचे श्रेय पर्यटनाला द्यायलाच हवे.

मात्र कंपनीने जोखीम उचलायची, या वाक्याला एक अध्याहृत मर्यादा होती. कंपनीचे स्वतःचे उत्पन्न चालू असेपर्यंतच ती जोखीम उचलू शकत होती. २०२० च्या एप्रिलपासून तळांवर पाहुणा नाही, आगाऊ नोंदणी रद्द, भरलेले पैसे परत मागितले जात आहेत, अशा अवस्थेत भाडे कुठून द्यायचे? बऱ्याच ठिकाणी वाटाघाटी होऊन भाड्यात कपात झाली. तळांवरच्या स्वयंपाक्यांपासून वाटाड्यांपर्यंत अनेकांना घरी पाठवण्यात आले, आणि त्यांतले पुष्कळजण त्याच जमीनमालक कुटुंबांतले होते. घरात भाडेही कमी आणि पगारही बंद, त्यातच आठवडी गुरांचे बाजार बंद. त्या वर्षी कुंपणे मोठ्या प्रमाणात परत उभी राहिली नाहीत याचे कारण बाहेरून आलेली मदत होती. केनिया सरकारने मे २०२० मध्ये जाहीर केलेल्या आर्थिक योजनेत १६० सामुदायिक कॉन्झर्व्हन्सींसाठी एक अब्ज शिलिंग आणि साडेपाच हजार सामुदायिक वनरक्षकांच्या नेमणुकीसाठी आणखी एक अब्ज शिलिंग ठेवले. त्याच वर्षअखेरीस एका आंतरराष्ट्रीय संवर्धन संस्थेच्या पुढाकाराने माराच्या कॉन्झर्व्हन्सींना भाडे चुकते करण्यासाठी कर्ज उपलब्ध करून देण्यात आले.

कर्ज या शब्दावर थोडे थांबायला हवे. जगाला हवे असलेले सिंह आपल्या कुरणात राहू देण्याचा मोबदला मासाई कुटुंबाला मिळावा म्हणून पैसे उसने आणले गेले, आणि पुढे पर्यटक परतल्यावर त्यांच्याच पैशातून ते फेडायचे ठरले. तात्कालिक तोडगा म्हणून तो योग्यच होता, मी त्याला नावे ठेवणार नाही. मात्र ज्या आधाराने दगा दिला त्याच आधाराच्या भावी उत्पन्नावर ही उसनवारी उभी होती, हे दिसल्याशिवाय राहत नाही.

युगांडातील घटना याहून कठोर आहे. बविंडीच्या दुर्गम अरण्यात राफिकी नावाचा सुमारे पंचवीस वर्षांचा नर गोरिला, सतरा जणांच्या न्कुरिंगो कळपाचा प्रमुख, जून २०२० च्या सुरुवातीला भाल्याने मारला गेलेला आढळला. जगातील पर्वतीय गोरिलांची गणना त्या वेळी १,०६३ होती. ज्या माणसाने त्याला मारले तो गोरिलाच्या मागावर नव्हताच. तो लहान प्राण्यांच्या शिकारीला गेला होता आणि त्याच्याकडे रानडुकराचे मांस सापडले. त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. माणसाची सवय व्हावी म्हणून, म्हणजे पर्यटकांना जवळून पाहता यावे म्हणून, हा कळप वर्षानुवर्षे माणसाळवला गेला होता. शिवाय माणसाच्या श्वसनरोगाची लागण गोरिलांना सहज होते, म्हणून महामारीत गोरिला पर्यटन बंद करणे हेही संरक्षणच होते. त्याच युगांडात फेब्रुवारी ते मे २०२० या चार महिन्यांत चोरट्या शिकारीच्या ३६७ घटना नोंदल्या गेल्या. आदल्या वर्षी त्याच महिन्यांत त्या १६३ होत्या.

गोरिला पाहण्याचा परवाना तेव्हा ६०० डॉलरचा होता. त्यातून थेट परिसरातील लोकांसाठी वेगळे काढले जाणारे दहा डॉलर होते. उद्यानाच्या प्रवेशशुल्कातील वीस टक्के वाटा निराळा. हे पैसे शाळेची खोली, पाण्याची टाकी, शेळ्यांचे वाटप अशा सामूहिक कामांना जातात, आणि ती कामे उपयोगी असतात. परंतु ज्या घरात संध्याकाळी शिजवायला काही नाही, त्या घराला गावच्या शाळेच्या खोलीने पोट भरता येत नाही. जगातील अतिशय महागड्या वन्यजीव दर्शनांपैकी एकाच्या सावलीत राहणारा माणूस रानडुकराच्या मांसासाठी भाला घेऊन रानात शिरतो, तेव्हा पर्यटनाचे उत्पन्न किती होते यापेक्षा ते कोणाच्या घरापर्यंत पोहोचले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आणि तो पर्यटन जोरात असतानाही तितकाच खरा होता.

इथे एका उलट पुराव्याची दखल घेणे प्रामाणिकपणाचे होईल. पर्यटन कोसळले म्हणजे सर्व प्रकारची शिकार वाढली, असे झाले नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१९ मध्ये शिंगांसाठी ५९४ गेंडे मारले गेले होते; २०२० मध्ये हा आकडा ३९४ वर आला. केनियात तर त्या वर्षी एकही गेंडा चोरट्या शिकारीला बळी पडला नाही, आणि असे सुमारे दोन दशकांत प्रथमच घडले. कारण उघड आहे. गेंड्याचे शिंग स्थानिक भुकेसाठी तोडले जात नाही. ते टोळीकडून दलालाकडे, दलालाकडून बंदरावर किंवा विमानतळावर आणि तिथून पूर्व आशियाच्या बाजारात जाते. रस्त्यावर नाकाबंदी आणि विमाने बंद म्हटल्यावर या साखळीचा प्रवास अडला. निर्बंध सैल होताच २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा आकडा पुन्हा ४५१ वर गेला. शिवाय त्याच देशातल्या क्रुगर उद्यानाचा त्याआधीचा इतिहास पर्यटनाच्या भक्तांनी जरूर पाहावा. २०१० च्या सुमारास तिथे दहा हजारांच्या वर पांढरे गेंडे होते. २०२० च्या अखेरीस ते जेमतेम दोन हजार सहाशेच्या आसपास उरले. या दशकात क्रुगरला येणाऱ्या पाहुण्यांची संख्या वाढत होती आणि ती वर्षाला अठरा लाखांच्या पुढे गेली होती. दुष्काळाचाही त्या घसरणीत हात होता, तरी मुख्य घाव शिकारीचाच. म्हणजे भरभराटीच्या काळात पर्यटनाने गेंडा वाचवला नाही आणि मंदीच्या काळात त्याच्या अभावाने तो मारला नाही. वाढली ती तारेच्या फाशांनी होणारी, इम्पाला, रानडुक्कर, रानम्हैस यांच्या मांसासाठीची शिकार. फास माणूस ओळखत नाही तसा प्राणीही ओळखत नाही. त्यात सिंह, चित्ता आणि रानकुत्राही अडकतो.

या निदानाला आपल्याकडचा अनुभवही दुजोरा देतो. भारतातील व्याघ्रप्रकल्पांच्या नियमित वनरक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो. ताडोबाचे दरवाजे बंद झाले तेव्हा मोहर्लीसारख्या गावांतल्या जिप्सीचालकांचे आणि मार्गदर्शकांचे उत्पन्न थांबले, पण वनरक्षकाचा पगार त्यामुळे थांबला नाही. तरीदेखील वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेच्या भारतीय शाखेला असे आढळले, की टाळेबंदीपूर्वीच्या सहा आठवड्यांत शिकारीच्या ३५ घटनांची नोंद झाली होती, तर टाळेबंदीच्या सहा आठवड्यांत ती ८८ वर गेली. वाढ मुख्यतः हरणवर्गीय आणि लहान प्राण्यांच्या बाबतीत, म्हणजे मांसासाठीच होती. म्हणून संवर्धनाला दोन वेगवेगळ्या गोष्टी टिकवाव्या लागतात: रक्षकाचा पगार आणि रानाशेजारच्या घरातली चूल. आफ्रिकेत या दोन्ही गोष्टी एकाच खुंटीला टांगल्या होत्या, हे तिथल्या संकटाचे वेगळेपण.

असे का झाले, याला इतिहास आहे. १९८० च्या दशकात अनेक आफ्रिकी देश कर्जाच्या ओझ्याखाली आले, आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांच्या अटींनुसार सरकारी खर्च छाटला गेला, आणि त्यात वनखात्यांची तरतूदही गेली. त्याच सुमारास वन्यजीवाने आपला खर्च आपणच भागवावा, हा विचार रुजला. झिम्बाब्वेचा कॅम्पफायर प्रकल्प त्याचे पहिले गाजलेले रूप. हा विचार मुळात वाईट नव्हता. वसाहतकाळात ज्यांना शिकारचोर ठरवून स्वतःच्या रानातून हाकलले गेले होते, त्या लोकांना वन्यप्राण्यांच्या उत्पन्नात वाटा मिळावा, ही त्यातली न्याय्य बाजू होती. परंतु २००० नंतर झिम्बाब्वेत राजकीय आणि आर्थिक अराजक माजले, पाहुणे येईनासे झाले आणि त्या प्रकल्पाची रया गेली. पुढेही धक्के बसतच राहिले. २०१३ मध्ये नैरोबीतील वेस्टगेट मॉलवर हल्ला झाला आणि पाश्चात्त्य सरकारांच्या प्रवास सूचनांमुळे केनियाचे पर्यटन पुढची दोन वर्षे घसरत गेले. २०१४ मध्ये इबोलाची साथ पश्चिम आफ्रिकेत होती, पण हजारो किलोमीटर दूर असलेल्या टांझानियातल्या सहली रद्द झाल्या, कारण दूरच्या पर्यटकाच्या नकाशावर आफ्रिका हा एकच देश असतो. २०२० हा या मालिकेतला सर्वांत मोठा धक्का होता, पहिला नव्हे. गिरण्यांच्या संपानंतर कोकणातल्या ज्या घरांची मनिऑर्डर थांबली, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही: पैसा येत असेपर्यंत घर सुस्थितीत दिसते, मात्र तो येणार की नाही हे घरातल्या कोणाच्याच हातात नसते.

दुसरी अडचण याहून मूलभूत आहे. पर्यटन जिथे आहे तिथेच ते उपयोगी पडते, आणि आफ्रिकेच्या बहुतेक रानांत ते नाही. उघडे गवताळ मैदान, सहज दिसणारे मोठे प्राणी, जवळ धावपट्टी आणि शांत राजकारण, इतके सगळे जुळले तरच पाहुणा येतो. गॅबॉनच्या घनदाट अरण्यात जगातील सर्वाधिक वनहत्ती आहेत, पण तिथे हत्ती दिसणेच दुर्मिळ. बेनिन, बुर्किना फासो आणि नायजर यांच्या सीमेवरील पेंजारी आणि डब्ल्यू उद्यानांच्या पट्ट्यात पश्चिम आफ्रिकेतील सिंहांचा सर्वांत मोठा समूह टिकून आहे. परंतु २०१९ मध्ये पेंजारीतून दोन फ्रेंच पर्यटकांचे अपहरण होऊन त्यांचा वाटाड्या मारला गेला, आणि तिथे पर्यटक परतावा अशी अपेक्षा करण्याजोगी परिस्थिती आज नाही. सिंह असलेल्या आफ्रिकी संरक्षित क्षेत्रांच्या खर्चाचा हिशेब २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला तेव्हा असे दिसले, की त्यांच्या नीट देखभालीसाठी वर्षाला १.२ ते २.४ अब्ज डॉलर लागतील आणि प्रत्यक्षात सुमारे ३८ कोटी डॉलर मिळत होते. हा हिशेब महामारीच्या दोन वर्षे आधीचा, पर्यटनाच्या तेजीतला आहे. म्हणजे पर्यटन पूर्ववत होऊनही आपण परत जातो ते या तुटीकडेच.

मग पैसा आणायचा कुठून, हा रोकडा प्रश्न उरतोच, आणि तो टाळून केलेल्या उपदेशाला काही किंमत नाही. आफ्रिकी सरकारांनी अर्थसंकल्पातून द्यावा, असे म्हणणे सोपे आहे. झांबियासारखा देश २०२० च्या नोव्हेंबरमध्ये परकीय कर्जाचे व्याज चुकवू शकला नाही. त्याला रुग्णालय आधी की रानकुत्रा आधी, असे विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. तरीही रक्षकांचे मूळ वेतन ही पोलीस वा शिक्षकांच्या वेतनासारखी सरकारची नियमित जबाबदारी मानली गेली पाहिजे, असे मला वाटते. केनिया सरकारने २०२० मध्ये संकटकाळी जे दोन अब्ज शिलिंग काढले, तेच दाखवते की इच्छा असेल तर काही प्रमाणात हे जमते.

परदेशी देणगीदारांवर भिस्त ठेवावी, तर तोही आधार किती हुलकावणी देतो हे २०२५ च्या सुरुवातीला दिसले. अमेरिकेने आपली परदेशी मदत संस्था मोडीत काढली आणि तिच्या निधीवर चालणारे आफ्रिकेतील अनेक संवर्धन कार्यक्रम काही आठवड्यांत अडचणीत आले. लहरी पर्यटकाच्या जागी लहरी दाता बसवून काही साधत नाही. म्हणून मला त्यांतल्या त्यात भरवशाचा मार्ग वाटतो तो कायमनिधीचा: एकदाच मोठी रक्कम उभारायची, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून दरवर्षी खर्च करायचा. बविंडी आणि म्गाहिंगा अरण्यांसाठी असा न्यास १९९० च्या दशकात जागतिक पर्यावरण निधीच्या पैशातून उभा राहिला. मादागास्करमध्येही संरक्षित क्षेत्रांसाठी असा निधी आहे. या निधींचे आकार गरजेच्या मानाने लहान आहेत, मात्र पद्धत योग्य आहे. जागतिक बँकेने मार्च २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील काळ्या गेंड्यांसाठी १५ कोटी डॉलरचे रोखे काढले, ज्यात गुंतवणूकदाराचा परतावा गेंड्यांच्या वाढीशी जोडलेला होता. कल्पना चतुर आहे, पण मोजायला सोपा आणि लोकप्रिय असा प्राणी हाताशी असला तरच ती लागू पडते. तरसासाठी कोणी रोखे काढणार नाही.

हा निधी कोणी भरायचा, याबद्दल मात्र मला फारशी शंका नाही. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे जगातील देशांनी २०३० पर्यंत पृथ्वीच्या तीस टक्के भूभागाचे आणि समुद्राचे संरक्षण करण्याचे ठरवले, आणि विकसित देशांनी विकसनशील देशांना त्यासाठी २०२५ पर्यंत वर्षाला २० अब्ज आणि २०३० पर्यंत ३० अब्ज डॉलर द्यावेत, असेही त्याच करारात लिहिले. आफ्रिकेचे हत्ती आणि सिंह ही साऱ्या मानवजातीची ठेव आहे, असे म्हणायचे असेल तर ती सांभाळण्याचा खर्च मानवजातीतल्या सधनांनी नियमितपणे उचलला पाहिजे. सुट्टी आफ्रिकेत घालवायची की ग्रीसमध्ये, या त्यांच्या त्या वर्षीच्या निर्णयावर तो अवलंबून ठेवता येणार नाही.

तरी केवळ पैशाची नळी बदलून भागणार नाही. नामिबियाचा अनुभव सांगतो की हक्कांचाही प्रश्न आहे. तिथे १९९६ च्या कायद्याने सामुदायिक जमिनींवरील लोकांना वन्यप्राण्यांच्या उपयोगाचे आणि उत्पन्नाचे हक्क दिले. आज अशा ८६ कॉन्झर्व्हन्सी देशाच्या सुमारे एक-पंचमांश भूमीवर पसरल्या आहेत. २०२० मध्ये त्यांचेही पर्यटन कोसळले, पैसे भरून शिकारीला येणारे पाहुणेही येईनात. (शिकार पर्यटनाचा मला तिटकारा आहे. पण कॅमेरावाला पाहुणा जिथे पाऊल टाकत नाही अशा मोठ्या प्रदेशांचा खर्च तो तिटकारा भागवत नाही, हेही मान्य केले पाहिजे.) नामिबियात सरकार, देशी संस्था आणि देणगीदार यांनी आपत्कालीन निधी उभारून गावांनी नेमलेल्या रक्षकांचे पगार चालू ठेवले. हे शक्य झाले, कारण पैसे कोणाला द्यायचे हे ठाऊक होते: निवडलेली समिती, नोंदलेले सभासद, नेमलेले रक्षक, सगळे जागेवर होते. याउलट टांझानियात लोलिओंडो येथे जून २०२२ मध्ये शिकार आणि पर्यटनासाठी राखायच्या जमिनीची हद्द आखताना मासाई लोक आणि पोलीस यांच्यात रक्तरंजित संघर्ष झाला. पाहुणे परतण्याची वेळ आणि रहिवाशांना सरकवण्याची वेळ तिथे एकच होती. पर्यटनाचे उत्पन्न जितके सरकारला प्रिय होते, तितका जमिनीवर आधीपासून असलेला माणूस अडचणीचा वाटू लागतो, हा पर्यटनाच्या तेजीचा धोका आहे आणि त्याची चर्चा मंदीच्या चर्चेत हरवते.

पाहुणे तर परतले आहेत. केनियात २०२४ मध्ये सुमारे २४ लाख परदेशी पाहुणे आले, म्हणजे महामारीपूर्वीपेक्षाही अधिक. भारत हा त्यांचा मोठा स्रोत आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये नदी ओलांडणारे विल्डबीस्ट पाहायला मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या गटांची त्यात भर आहे. माराच्या राखीव क्षेत्राचे परदेशी पाहुण्यांसाठीचे शुल्क २०२४ पासून वर्षाच्या उत्तरार्धात दिवसाला २०० डॉलर झाले. मराठी पर्यटकाने या शुल्काबद्दल कुरकुर करण्यापेक्षा, त्यातला किती भाग राखीव क्षेत्राबाहेरच्या जमीनमालकाकडे जातो आणि किती भाग वाईट वर्षासाठी बाजूला ठेवला जातो, असे आपल्या सहल कंपनीला विचारावे. माराभोवतीचे २०१० च्या आसपास झालेले अनेक पंधरा वर्षांचे भाडेकरार आता नूतनीकरणाला येत आहेत. एकरी भाडे किती वाढवायचे, याची घासाघीस त्यात होईलच आणि व्हायलाही हवी. त्याबरोबर प्रत्येक पाहुण्याच्या शुल्कातील ठरावीक वाटा तेजीच्या वर्षांत राखीव निधीत जमा व्हावा, किमान वर्षभराचे भाडे आणि रक्षकांचे पगार भागतील इतका तो साठेपर्यंत त्याला कोणी हात लावू नये, आणि त्यावर कंपनीचा किंवा काउंटीचा एकट्याचा नव्हे तर जमीनमालकांच्या समितीचा ताबा असावा, अशी अट त्या करारांत घालून घेण्याची हीच वेळ आहे. ही अट मान्य करायला कंपन्या तळ रिकामे असताना तयार होणार नाहीत. आज तळ भरलेले आहेत.